घरच्या बागेसाठी श्रेडर घ्यायचाय? आधी कचऱ्याची गोणी उघडून बघा

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत लिहितो म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. तळेगावला सहा गुंठ्यांत घर आहे, दोन आंबे, चार नारळ, गेटपाशी एक देशी बदाम, एका अंगाला मेंदीचं कुंपण आणि दुसऱ्या अंगाला बोगनवेल. सासरेबुवा इतकी वर्षं पानं गोळा करून कोपऱ्यात जाळायचे, आता शेजारचे ओरडतात. माळीदादा आठवड्यातून दोनदा येतात. ऑनलाइन एक प्लास्टिक बॉडीचा १५०० वॅटचा श्रेडर, म्हणजे पानं-फांद्यांचे तुकडे करायचं मशीन, दिसतोय, खोक्यावर "३५ एमएमपर्यंतच्या फांद्या" असं लिहिलंय, आणि एमआयडीसीतला एक फॅब्रिकेटर ३ एचपीचं मशीन बनवून देतो म्हणालाय. यातलं कुठलं घेऊ, हा प्रश्न.

मी मशीन विकत नाही. चौदा वर्षं बंगल्यांना आणि सोसायट्यांना कंपोस्टचं काम लावून देतोय, त्याआधी शेतीची अवजारं दुरुस्त करायच्या वर्कशॉपात सहा वर्षं काढलीत, त्यामुळे या मशीन्सची बाहेरची रंगरंगोटी कमी आणि आतली बाजू जास्त बघितलीय. त्या जोरावर सांगतो, थोडं लांबेल, चहा घेऊन बसा.

पहिलं म्हणजे सगळे एचपी विचारतात, आणि तिथेच घोळ होतो. दोन एचपी का तीन एचपी हा दुसरा प्रश्न आहे, पहिला प्रश्न हा की तुमच्या गोणीत नक्की काय आहे. वाळकी पानं, ओल्या बारीक काटक्या, वाळलेल्या जाड फांद्या आणि नारळाची झावळी, ही चार वेगवेगळी खाणी आहेत आणि चारही नीट खाणारं घरगुती मशीन मी तरी अजून बघितलेलं नाही. जे मशीन फांद्या सुंदर करतं ते पानांना हात लावत नाही, जे पानांचा भुगा करतं त्यात करंगळीएवढी वाळकी काटकी गेली की खडखडाट. त्यामुळे एक काम करा, पुढचे चार आठवडे माळीदादांना सांगा की कचरा चार वेगळ्या ढिगांत टाका. फार नाही, चारच आठवडे. मग कळेल की ढीग कशाचा मोठा होतोय. माझा अंदाज मी आत्ताच सांगतो, निम्म्याहून जास्त पानंच निघतील.

आता मशीनच्या जाती. बाजारात घरगुती म्हणून जे मिळतं त्यात ढोबळमानाने तीन प्रकार.

एक, पात्याचं. आत एक गोल चकती, तिच्यावर दोन धारदार पाती, मोटर थेट जोडलेली, मिनिटाला २८०० किंवा त्याहून जास्त फेरे. तुम्ही बघितलेलं ऑनलाइनचं बहुतेक हेच. ओल्या हिरव्या काटक्या मस्त कापतं, कोथिंबीर चिरल्यासारखा तुकडा पडतो. आवाज मात्र मिक्सरच्या भांड्यात खडे टाकल्यासारखा, शेजारी पानं जाळल्यावर ओरडतायत ते याच्यावरही ओरडतील, रविवारी दुपारी तर नक्कीच.

दोन, रोलरचं. याला काही जण क्रशिंग श्रेडर म्हणतात. आत एक दातेरी रोलर, मिनिटाला जेमतेम चाळीसेक फेरे, समोर एक अॅल्युमिनियमची प्लेट, फांदी त्या दोघांमध्ये दाबून चिरडते. एकदम शांत, एकदा फांदी पकडली की स्वतःच ओढून घेते, हाताने ढकलायला लागत नाही. वाळलेल्या, अंगठ्याएवढ्या फांद्यांसाठी याच्यासारखं मशीन नाही. पण पानं? पानं टाकलीत तर रोलर नुसता फिरत बसतो. आणि ओली लवचिक काटकी टाकली की तुटत नाही, चेचून निघते, साल तशीच राहते आणि तुकडे एकमेकांना लोंबकळत बाहेर येतात, माळेसारखे.

तीन, हॅमरचं, म्हणजे आपल्याकडे फॅब्रिकेटर बनवतात ते. लोखंडी ड्रम, आत शाफ्टवर सैल लटकणाऱ्या पट्ट्या, कधी त्याच्याबरोबर दोन कापणारी पाती, आणि खाली भोकांची जाळी. माल जाळीतून पडण्याएवढा बारीक होईपर्यंत आत मार खात राहतो. वाळक्या पानांसाठी हेच. जाडजूड, जड, दिसायला ओबडधोबड, पण वेल्डिंगवाला कुठेही मिळतो आणि बेअरिंग कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे येतो.

खोक्यावरच्या "३५ एमएम" बद्दल. तो आकडा खोटा नसतो, पण तो कुठल्या फांदीला लागू आहे हे खोक्यावर नसतं. मऊ लाकूड, सरळ फांदी, ताजी कापलेली, एकावेळी एक, असं सगळं जुळून आलं तर ३५. आपल्याकडे बोगनवेल महिनाभर उन्हात पडली की तिची २० एमएमची काडी पण सळईसारखी वागते. मी साधा हिशोब धरतो, खोक्यावरचा आकडा अर्धा करायचा, आपल्याकडच्या वाळक्या लाकडासाठी तोच खरा. आणि कुठलीही फांदी कापल्यावर आठ-दहा दिवसांच्या आत मशीनमध्ये घालायची, साठवून साठवून दिवाळीला एकदम करू म्हणालात की पाती गेलीच.

मोटरच्या प्लेटवर अजून एक गोष्ट बघा जी विकणारा कधीच सांगत नाही. वॅटच्या आकड्याशेजारी बारीक अक्षरात एस-६ आणि ४० टक्के असं असेल, किंवा पी-४०. त्याचा अर्थ, समजा २५०० वॅट लिहिलेत, तर ते काही सलग मिळत नाहीत, दहा मिनिटांपैकी चार मिनिटं लोडवर आणि सहा मिनिटं मोकळं फिरवायचं, असा तो आकडा आहे. एस-१ लिहिलं असेल तर सलग चालवा. माळीदादांना हे कोणी सांगितलेलं नसतं, ते बिचारे अर्धा तास सलग कोंबत राहतात, मग मोटर तापून ट्रिप होते आणि लोक म्हणतात मशीन भिकार. मशीन भिकार नसतं, बऱ्याचदा नसतं.

विजेचं बघा, कारण तुम्ही त्याबद्दल काहीच लिहिलं नाहीये. एक एचपी म्हणजे ७४६ वॅट, पण तो मोटर देते तो आकडा, ओढते त्याहून जास्त. सिंगल फेजची ३ एचपी मोटर भरलोडवर १४-१५ अँपियर सहज घेते आणि सुरू होताना क्षणभर त्याच्या पाच-सहा पट. म्हणजे गीझरच्या १६ अँपियरच्या पॉइंटवर ती अगदी काठावर चालणार. स्वयंपाकघराच्या खिडकीतून पिवळी एक्स्टेंशन ओढून चालवणार असाल तर विसरा. वेगळी लाइन, ४ स्क्वेअर एमएमची वायर, मोटरला चालणारा सी-कर्व्हचा एमसीबी (जास्त करंट गेला की पडणारा स्विच), आणि ३० मिलीअँपियरचा आरसीसीबी (शॉक बसला तर लाइन तोडणारा), हा खर्च मशीनच्या किमतीतच धरा. लाइट बिलावर मंजूर भार लिहिलेला असतो तोही एकदा बघून घ्या. १५००-२००० वॅटच्या मशीनला एक्स्टेंशन चालेल, पण २.५ स्क्वेअर एमएमची, आणि गुंडाळीवर असेल तर पूर्ण सोडून. गुंडाळलेली वायर तापते, मी वितळलेली बघितलीय.

आणि व्होल्टेज. तुमच्या भागात उन्हाळ्यात दुपारी व्होल्टेज पडतं का? इंडक्शन मोटरची फिरवायची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होते. २३० च्या जागी १९० मिळत असतील तर ताकद जवळजवळ एक तृतीयांश गेली. सकाळी आठला सरसर चालणारं मशीन दुपारी दोनला अडकतं ते यामुळे, मग माळी म्हणतो पाती बोथट झाली.

याच्याशी जोडूनच सगळ्यात महत्त्वाची टेस्ट, ही दुकानातच करा, पैसे द्यायच्या आधी. मशीन चालू करा, भिंतीवरचं बटण बंद करा, पूर्ण थांबू द्या, मग भिंतीवरचं बटण परत चालू करा. मशीन आपोआप सुरू झालं तर घेऊ नका. लाइट जाते, माणूस म्हणतो चला अडकलेलं तेवढ्यात काढू, हात आत जातो आणि लाइट येते. आपल्याकडे लाइट जाणं-येणं काय नवीन आहे का? चांगल्या मशीनला नो-व्होल्ट स्विच असतो, लाइट आली तरी परत हिरवं बटण दाबल्याशिवाय फिरत नाही. फॅब्रिकेटरच्या मशीनला हा हमखास नसतो, साधा स्टार्टर नाहीतर नुसता स्विच असतो. त्याला सांगा डीओएल (डायरेक्ट ऑन लाइन) स्टार्टर लाव, नो-व्होल्ट कॉइल असलेला. पंपाला लावतात तसलाच, कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो. तो "गरज नाही मॅडम" म्हणेल. गरज आहे.

झाकण उघडलं की मशीन बंद पडतं का हेही बघा, आणि हॉपर, म्हणजे माल घालायचं तोंड, किती खोल आहे ते. नियम सोपा, तोंडातून हात घातला तर तुमचा पूर्ण हात, अगदी खांद्यापर्यंत, घालूनही बोटं पात्याला लागता कामा नयेत. परदेशी मशीनची तोंडं म्हणूनच लांब आणि अरुंद असतात, लोक त्याच्यावर वैतागतात, फांदी आत जात नाही म्हणून हॉपर काढून ठेवतात. एका बंगल्यावर मी हे बघितलं, हॉपर काढलेला आणि सुरक्षेच्या स्विचमध्ये काडेपेटीची काडी खोचलेली, म्हणजे मशीनला वाटावं हॉपर जागेवर आहे. मालक इंजिनिअर होते. काय बोलणार.

आता कडबाकुट्टी, कारण कोणीतरी नक्की सुचवणारच, "अहो गावाकडे कुट्टी मशीन मिळतं, निम्म्या पैशात." मी त्याच्या विरोधात नाही. हिरवा चारा, गवत, केळीची पानं, मक्याची ताटं, कर्दळ, याच्यासाठी कुट्टी एक नंबर, सुटे भाग कुठल्याही तालुक्याच्या गावी, धार लावणारे पण. पण ते लांब कांड्यांसाठी बनवलंय, पुढचे रोलर कांडी धरून आत नेतात. सुटी वाळकी पानं त्या रोलरला धरताच येत नाहीत, मग माणूस मूठभर पानं हाताने आत रेटतो, आणि गावोगाव बोटं गेलेली माणसं दिसतात ती याच मशीनमुळे. गुरं नाहीत, चारा नाही, तर घरच्या बागेला कुट्टी नको.

नारळाकडे येतो, कारण तुम्हाला खरी चिंता त्याची आहे असं वाटतंय. चार नारळ. एक मोठं झाड वर्षाला साधारण बारा ते चौदा झावळ्या टाकतं. म्हणजे चार झाडांच्या वर्षाला पन्नासेक, आठवड्याला एक. एक झावळी! आठवड्याला एका झावळीसाठी ५ एचपी थ्री-फेजचं मशीन घ्यायचं का? कोयता घ्या. पाती दोन्ही बाजूंनी सोलून काढायची, हवं तर हीर काढून केरसुणी बांधायची (आमची आई अजून बांधते, विकतची तिला पटत नाही), मधला दांडा फूट-फूटभर तोडून बंबाला, नाहीतर वाफ्याच्या कडेला लावायला, आणि देठाकडचा तो रुंद जाड भाग आंब्याच्या आळ्यात उलटा टाकून द्यायचा. दोन पावसाळ्यांत तो भुसभुशीत होतो, खाली गांडुळं सापडतात. सोडणं असतील तर तीही आळ्यात, पाठ वर करून.

झावळी मशीनमध्ये का नको ते एकदा डोळ्यांनी बघितलंय म्हणून सांगतो. एका फार्महाऊसवर हॅमरचं मशीन "आवाज करतंय" म्हणून बोलावलं होतं. शाफ्ट फिरवून बघितला तर हाताला जड लागत होता, बेअरिंगच्या घराला हात लावला तर चटका. कव्हर काढलं. शाफ्टभोवती, ड्रमच्या भिंतीला लागून, हिरांचा आणि तंतूंचा एक कडक गुंडाळा बसलेला, मनगटाएवढा जाड, काळपट, इतका घट्ट की आधी मला तो रबरी बुश वाटला. कोयतीने कापून कापून काढायला पाऊण तास लागला. आणि त्याच्या पोटात, अगदी शाफ्टला चिकटून, लाल-सोनेरी धागा. हाराचा. नवरात्रातलं निर्माल्य कोणीतरी तसंच दोऱ्यासकट टाकलेलं, तो धागा आधी गुंडाळला आणि मग त्याने बाकीचं धरून ठेवलं. त्यामुळे आमच्या सगळ्या सोसायट्यांत मी बोर्ड लावतो: निर्माल्य चालेल, दोरा नाही. गजऱ्याचा दोरा, नर्सरीच्या काळ्या पिशवीचा तुकडा, वेल बांधलेली नायलॉनची सुतळी, आणि कुंपणाची बाइंडिंग वायर, ही चार मशीनची शत्रू. दगडापेक्षा वाईट. दगड आवाज तरी करतो.

झाडांवरून अजून थोडं. फणस, वड, पिंपळ, उंबर याच्या ओल्या फांद्या घातल्यात तर चीक पात्याला बसतो आणि त्यावर भुसा चिकटून लांबी (पुट्टी) भरल्यासारखं होतं. मशीन बंद करून, प्लग काढून, खोबरेल तेलाचं फडकं. फणस कापताना विळीला लावतो तेच. बांबू आणि सागाची पानं धार लवकर खातात. कण्हेर मशीनमध्ये घालायची असेल तर मास्क लावा, भुसा नाकात जाऊ देऊ नका. शेर, थोर, पानचेटी असलं काही घालूच नका, त्यांचा चीक डोळ्यात उडाला तर दवाखाना गाठावा लागतो. गॉगल तर कशालाही लावायचाच, माळीदादांना घेऊन द्या, आणि ओढणी, सैल बाह्या, गळ्यातलं लोंबणारं काहीही घालून मशीनजवळ जायचं नाही, तुम्ही स्वतः चालवणार असाल तर विशेष.

बरं, पानं. तुमच्या कचऱ्याचा मोठा भाग हा आहे आणि इथे मी जरा धंद्याच्या उलट बोलतो: पानांना मशीन लागतंच असं नाही. आंब्याचं पान मेणचट असतं, तसंच ढीग करून ठेवलं तर वर्षभर जसंच्या तसं, हे खरं. बदामाचं पान मोठं, एकावर एक बसून थाळ्यांसारखा थर होतो, आत हवा जात नाही. पण कोंबडीजाळीचा तीन-साडेतीन फूट व्यासाचा पिंजरा करा, पानं भरा, पाणी मारा, आठवड्याला एक बादली शेणकाला किंवा आंबट ताक घातलेलं पाणी, वर स्वयंपाकघरातला ओला कचरा अधूनमधून, महिन्यातून एकदा फावड्याने उलटंपालटं. आठ-दहा महिन्यांत खत. चिरडलेल्या पानांचं तेच तीन-चार महिन्यांत होतं. म्हणजे मशीनने तुम्हाला खत मिळत नाही, वेळ आणि जागा मिळते. सहा गुंठ्यांत जागा असेल तर दोन पिंजरे मागे परसात उभे राहतात, कोणाला दिसतही नाहीत. पुण्यात ब्राऊन लीफ म्हणून एक उपक्रम आहे, ज्यांच्याकडे वाळकी पानं जास्त झालीत त्यांच्याकडून ज्यांना हवीत ते घेऊन जातात, गच्चीवर बाग करणारे लोक तर पानांच्या गोण्या शोधत असतात. तळेगावातही असे लोक निघतील, विचारून बघा, लोक गाडी घेऊन येतात.

जाळण्याबद्दल सासरेबुवांना कसं सांगायचं ते तुम्ही बघा, पण नियम म्हणून सांगतो, २०१६ च्या घनकचऱ्याच्या नियमांत बाहेर उघड्यावर कचरा जाळायला बंदी आली, बागेचा कचरा आपल्या आवारात वेगळा ठेवायला सांगितलं, आणि त्याच वर्षी डिसेंबरात हरित लवादाने उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला ५००० रुपये दंड ठरवला, मोठ्या प्रमाणावर जाळलं तर २५०००. आणि मोठी फांदी तोडायची असेल तर आधी नगरपरिषदेत वृक्ष प्राधिकरणाची परवानगी, झाड आपल्या अंगणातलं असलं तरी. मशीन आलं की लोकांना तोडायचा उत्साह येतो म्हणून आठवण करून दिली.

तरीही पानांसाठी मशीन घ्यायचंच ठरलं तर जाळीकडे बघा. फॅब्रिकेटर अभिमानाने ८ एमएमची जाळी दाखवेल, बघा किती बारीक, चहापत्तीसारखं. नको. फार बारीक भुगा पाणी पडलं की पिठासारखा बसतो, हवा जात नाही, आंबट वास मारतो, चिलटं होतात. शिवाय ओलसर पानं आली की बारीक भोकं पहिल्या पाच मिनिटांत बुजतात, आणि पावसाळ्यात वाळकं पान आणणार कुठून. २० एमएमची जाळी घ्या, रुपयाच्या नाण्याएवढा तुकडा पडला की कंपोस्टला उत्तम. एक जाळी १२ ची जास्तीची करून घ्या, कुंड्यांतली माती झाकायला (मल्चिंगला) छान दिसतं. जाळी दोन बोल्टवर सुटली पाहिजे, वेल्ड केलेली नको, कारण तुम्ही ती आयुष्यभर साफ करणार आहात.

"दहा गोण्यांची एक गोणी होते" असंही सांगतील. माझ्या कामावर चार-पाचची एक होते. पानं आधीच दाबून भरलेली असतील तर तीनची एक. यात वाईट काही नाही, फक्त दहाची अपेक्षा ठेवून खत टाकी छोटी बांधू नका.

आता पाती, म्हणजे ज्याच्यावर सगळं अवलंबून आहे. मशीन आपण एकदा घेतो, पाती दर चार-सहा महिन्यांनी. ऑनलाइन मशीन घ्यायच्या आधी त्याच साइटवर त्याच मॉडेलची पाती आज विकायला आहेत का ते बघा. नसतील तर ते मशीन वर्षभराचंच आहे असं समजा. माझी स्वतःची पहिली मशीन अशीच होती, बाहेरून आलेली, अठ्ठावीस हजाराची, काम सुरेख करायची, चौदाव्या महिन्यात पाती संपली आणि विकणाऱ्याने सांगितलं मॉडेल बंद झालं. लेथवाल्याकडून तशीच करून घेतली, पण कडकपणा जमला नाही, एका महिन्यात गोल झाली. आता ती मशीन गोडाउनमध्ये आहे, तिच्यावर कुंड्या ठेवतो.

दोन्ही बाजूंनी धार असलेली पाती असतील तर एक बाजू गेली की उलटी लावायची, म्हणजे डबल आयुष्य. धार लावायला दिलीत तर धारवाल्याला तीन गोष्टी सांगा: कोन बदलायचा नाही, ग्राइंडरवर पातं निळं पडेपर्यंत घासायचं नाही कारण निळं पडलं की पाणी उतरलं, म्हणजे कडकपणा गेला, आणि दोन्ही पात्यांवरून सारखंच काढायचं. घरी आणल्यावर स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर दोन्ही पाती वजन करून बघा. दोन-चार ग्रॅमचा फरक चालेल, पंधरा-वीस असेल तर मशीन थरथरणार, आणि थरथरलं की सहा महिन्यांत बेअरिंग. रोलरवाल्या मशीनला धार लावायची भानगड नसते, पण तिथे प्लेट सेट करावी लागते. फांद्या पूर्ण तुटेनाशा झाल्या की बाजूला एक स्क्रू असतो, मशीन चालू ठेवून तो हळूहळू फिरवायचा, अगदी पाव-पाव आटा, आणि खालच्या तोंडाकडे बघत राहायचं. चंदेरी अॅल्युमिनियमचा बारीक कीस पडायला लागला की थांबायचं. तोच पॉइंट. त्याच्या पुढे फिरवलंत तर प्लेट उगाच खाल.

तर तुमच्यासाठी. ऑनलाइनचं १५०० वॅटवालं घेऊ नका, कारण ते मेंदी आणि ओली बोगनवेल करेल पण तुमची पानं त्याच्या अरुंद तोंडातून भरता भरता माळीदादा नोकरी सोडतील. फॅब्रिकेटरचं ३ एचपी मला बरं वाटतंय, पण माझ्या अटींवर: १४४० आरपीएमची (मिनिटाला तेवढे फेरे) सलग ड्यूटीची, म्हणजे एस-१ मोटर, सुटणारी २० एमएमची जाळी, खोल हॉपर, नो-व्होल्ट स्टार्टर, बेअरिंगचा नंबर बिलावर लिहून, आणि हॅमर-पात्यांचा एक जास्तीचा सेट मशीनबरोबरच. चाकं मोठी घ्या, मातीत फिरणारी, ही मशीन्स ऐंशी-नव्वद किलोच्या खाली नसतात, छोट्या चाकांवर ती जिथे टेम्पोतून उतरते तिथेच राहते. मेंदीची छाटणी वर्षातून तीन-चारदाच होते, ती ओली असतानाच यातून जाईल, थोडी थोडी, पानांबरोबर मिसळून. बोगनवेलीच्या जाड काड्या वेगळ्या काढून बंबाला द्या.

आणि खरं विचाराल तर तुमच्या एका घराला हे मशीन आठवड्यातून अर्धा-पाऊण तास चालेल, बाकी वेळ ताडपत्रीखाली. ओरडणारे शेजारी आहेत ना, त्यांच्याकडे पण आंबा असेलच. तीन घरांत मिळून घ्या. आमच्याकडे एका गल्लीत पाच बंगल्यांनी असं घेतलंय, मशीन एकाकडे, लाइट बिलाची वही गेटला लटकवलेली, दर वेळी किती मिनिटं चालवलं ते लिहायचं. भांडण एकदाच झालं, ते पण हाराच्या दोऱ्यावरून.

फॅब्रिकेटरकडे बघायला जाल तेव्हा रिकाम्या हाताने जाऊ नका. त्याच्याकडे डेमोची म्हणून कडक वाळलेली पानं गोणीत भरून ठेवलेली असतात, ती कुठल्याही मशीनमध्ये पापडासारखी जातात. तुमची एक गोणी न्या, आदल्या दिवशी थोडं पाणी शिंपडलेली, त्यात बदामाची पानं, आंब्याची पानं आणि मूठभर मेंदीच्या काटक्या. पूर्ण गोणी संपेपर्यंत तिथेच उभ्या राहा आणि मोटरवर हात ठेवून बघा. मग जाळी काढायला सांगा, तुमच्यासमोर, आणि घड्याळ लावा.